तगरची पांढरी आणि पर्यटनाचा नवा मंत्र

एखाद्या जिल्ह्याला पाणी देता आले नाही, कारखाना देता आला नाही, की राज्यकर्त्यांना त्या जिल्ह्याचा इतिहास आठवू लागतो. धाराशिवच्या बाबतीत सध्या नेमके हेच चालले आहे. २०१८ साली नीती आयोगाने देशातील अतिमागास जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातील चार जिल्हे तीत आले, आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्या पंगतीला तेव्हाचा उस्मानाबाद जाऊन बसला. मागास हा शब्द कानाला बोचतो म्हणून त्यांना 'आकांक्षित' म्हणायचे ठरले. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले. कळंब, भूम, वाशी या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोयत्याची धार मात्र नामांतराने बोथट झाली नाही. आता तिसरा मंत्र आला आहे : पर्यटन.

हा मंत्र नुसता तोंडी नाही, त्यामागे तिजोरी आहे. ६ मे २०२५ रोजी चौंडी येथे भरलेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत श्रीक्षेत्र तुळजापूरच्या विकास आराखड्यासाठी १,८६५ कोटी रुपये मंजूर झाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार आहे. म्हणजे जिल्ह्यातील तान्ह्या मुलासकट प्रत्येक माणसामागे सव्वाअकरा हजार रुपये एका गावाच्या सुशोभनासाठी निघाले. तुळजाभवानीच्या दर्शनाला येणारा भाविक बहुतांशी कष्टकरीच असतो. त्याला सावली, पाणी, शौचालय, धर्मशाळा मिळालीच पाहिजे. त्याबद्दल कोणा समाजवाद्याची तक्रार असण्याचे कारण नाही. पण कृष्णेचे पाणी मराठवाड्यात आणण्याची योजना दोन तपांहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने रखडत असताना, हा पैसा एवढ्या चपळाईने मंजूर कसा होतो, हे विचारणे म्हणजे देवीचा अवमान नव्हे. ज्या अहिल्याबाईंच्या जन्मगावी ही बैठक भरवण्यात आली, त्यांनी घाट आणि देवळे बांधली तशाच विहिरी आणि बारवाही बांधल्या, एवढे तरी स्मरणात ठेवायला हरकत नव्हती.

पर्यटनाच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पर्यटन हा धूर न सोडणारा उद्योग, त्याला कच्चा माल लागत नाही, पूर्वजांनी तो आयताच रचून ठेवला आहे, आणि गावोगावच्या तरुणांना त्यातून रोजगार मिळतो. जिल्ह्यात तेर आहे, धाराशिवची लेणी आहेत, नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले आहेत. मग काय उणे? या युक्तिवादाचा कस लावायचा तर तो तेरवरच लावावा. कारण ऐतिहासिक नगर म्हणून दाखवण्यासारखे जिल्ह्यात जे काही आहे, त्यात तेरची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही स्थळाला येत नाही.

तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात तगरचा उल्लेख फार मोठे नगर म्हणून आला आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतर तो देतो. या दोन नगरांतून माल भडोचला जाई तो गाड्यांनी, आणि तोही रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून. पैठणहून अकीक जाई. तगरहून जाई ते कापड : भरपूर जाडेभरडे आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. पुढे टॉलेमीनेही या नगराची नोंद केली. शिलाहार राजांना तगर नगरीचे अधिपती म्हणवून घेण्यात शतकानुशतके भूषण वाटत राहिले. हे तगर नेमके कोठे, यावर पंडितांनी जुन्नरपासून दौलताबादपर्यंत तर्क लढवले. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेर होय असे दाखवून दिले.

आता या नोंदीकडे पर्यटन खात्याच्या चष्म्यातून पाहिले तर 'रोमशी व्यापार करणारे वैभवशाली नगर' असा एक फलक तयार होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे पाहिले तर प्रश्न उभे राहतात. तीस दिवस बैलगाडी हाकणारा तो गाडीवान कोण होता? मलमल विणणाऱ्याच्या घरात मलमल कोणी नेसत होते का? रोमचा प्लिनी आपल्या ग्रंथात कुरकुर करतो की हिंदुस्थान दरसाल साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हा पैसा आला कोठे आणि थांबला कोणाजवळ? याचा काही अंदाज नाशिकच्या लेण्यांत त्याच सुमारास कोरलेल्या एका लेखावरून येतो. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले : दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळायचे होते. हिशोब चोख आहे. वीस गुणिले बारा म्हणजे दोनशे चाळीस, हेच दोन हजारांवरचे वर्षाचे व्याज. राजाचा जावई पुण्य जोडतो, भिक्षूला वस्त्र मिळते, आणि वर्षाला बारा टक्के देण्याचे ओझे कायमचे पडते ते मागावर बसलेल्याच्या पाठीवर. मात्र याच लेखाची दुसरीही बाजू आहे, आणि ती समाजवाद्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. राजघराण्याने आपली ठेव सावकाराकडे ठेवली नाही; ती कोष्ट्यांच्या संघटनेकडे ठेवली. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनमध्ये कारागिरांची श्रेणी ही राजापेक्षा अधिक टिकाऊ, अधिक विश्वासाची संस्था मानली जात होती.

तेरची खरी प्रेक्षणीयता ही आहे. ते राजांचे नगर नव्हे. तेथे ना सिंहासन सापडले ना राजवाड्याचे दालन. सापडले ते शंखाच्या बांगड्या, मणी, सातवाहनांची नाणी, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातून काढलेल्या मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल करणाऱ्या मातीच्या मुद्रा आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची जी भारतीय मूर्ती मिळाली, तिच्याशी या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. हे सर्व कारागिरांचे हातकाम आहे. त्रिविक्रमाचे चापाकार देऊळ पाहावे : ते मूळचे बौद्ध चैत्यगृह, असे अनेक विद्वानांचे मत आहे, मत काहीही असो, ते विटांचे आहे, आणि महाराष्ट्रातील उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वास्तूंत त्याची गणना होते. उत्तरेश्वराचे देऊळही विटांचेच. तेरची जुनी वीट इतकी हलकी की ती पाण्यावर तरंगते, आणि येणाऱ्या पाहुण्याला ती बादलीत टाकून दाखवली की तो चमत्कार पाहिल्यासारखा माना डोलावतो. हा चमत्कार नव्हे. माती, भुसा आणि भट्टीची आच यांचे पिढ्यान्पिढ्यांचे ज्ञान आहे. मराठी संतपरंपरेत ज्याने थापटणे हाती घेऊन कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे हे ठरवले, तो गोरोबा कुंभार याच गावचा, याला केवळ योगायोग म्हणता येईल काय?

आणि हे सर्व टिकले कसे, तीही कथा राज्यकर्त्यांना शोभा देणारी नाही. दख्खनच्या खेड्यात वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात. जुन्या पांढरीची माती खत म्हणून काळीत नेऊन टाकण्याची रीत सार्वत्रिक आहे. किती नगरे अशी गाड्या भरभरून ज्वारीच्या मुळाशी गेली असतील याचा हिशोब नाही. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देणे हा शहाजोगपणा होईल. ज्याला दुसरे खत परवडत नाही तो सातवाहनांचेच खत वापरणार. तेरला रामलिंगप्पा लामतुरे या गावच्या गृहस्थांनी पावसाने उघड्या पडलेल्या, नांगराने वर आलेल्या, मुलांच्या हाती लागलेल्या वस्तू आयुष्यभर वेचल्या. १९५८ साली चापेकरांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले, पुढेही काही उत्खनने झाली; पण आज लामतुरे यांच्या नावाने जे शासकीय संग्रहालय तेथे आहे, त्याचा पाया एका खेडुताच्या नादिष्टपणाने घातला. तो संग्रह विकला असता तर मुंबई-लंडनच्या दलालांनी त्याचे सोने करून दिले असते. तो विकला गेला नाही, राज्याच्या म्हणजे जनतेच्या स्वाधीन झाला. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय, हे या एका कृतीने जितके समजते तितके अनेक अर्थसंकल्पीय भाषणांतून समजत नाही.

आता या मालमत्तेचे राज्य काय करू पाहते? उत्तर जिल्ह्यातच आहे, नळदुर्गला. बोरी नदी किल्ल्यात वळवून तिच्यावर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल, हे इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातले स्थापत्याचे नवल आहे. गेल्या दशकात हा किल्ला संगोपनाच्या नावाखाली कराराने एका खाजगी कंपनीच्या हाती देण्यात आला. तण काढले गेले, बाग फुलली, होड्या आल्या. हे काम वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. पण हेच काम पुरातत्त्व खात्याला का करता आले नाही, याचे उत्तर कोणी देत नाही. खात्याला माणसे द्यायची नाहीत, पैसा द्यायचा नाही, वास्तू गवताने भरू द्यायची, आणि मग 'शासनाला जमत नाही' म्हणून ती कंपनीला सुपूर्द करायची, ही युक्ती एस. टी. पासून वीज मंडळापर्यंत सर्वत्र वापरून झाली आहे. २०१८ साली लाल किल्ल्याची देखभाल याच तत्त्वावर एका सिमेंट उद्योगसमूहाकडे पाच वर्षांसाठी २५ कोटींत सोपवण्यात आली. २०१९ साली महाराष्ट्रातील किल्ले हॉटेले आणि लग्नसमारंभांसाठी देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा लोक खवळले म्हणून सारवासारव करावी लागली. तेरच्या पांढरीवर हॉटेल उभे राहणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

'स्पेनकडे पाहा', हे पर्यटनवाद्यांचे हुकमी वाक्य. पाहू या. २०२४ साली स्पेनमध्ये ९ कोटी ३८ लाख परदेशी प्रवासी आले. देशाच्या स्वतःच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट. त्याच वर्षी जुलै महिन्यात बार्सिलोनाचे नागरिक रस्त्यावर उतरले आणि खानावळींत बसलेल्या प्रवाशांवर त्यांनी खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. शहराच्या महापौरांनीच सांगितले की दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली. प्रवाशांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने २०२८ अखेर संपुष्टात आणण्याचा निर्णय नगरपालिकेला जाहीर करावा लागला. ज्यांचे शहर पाहायला जग येते, त्यांनाच त्या शहरात राहणे परवडेना. इतिहास बाजारात उभा केला की प्रथम त्याचे भाडे वाढते आणि मग त्याचे वारस घराबाहेर पडतात. तुळजापुरात रस्तारुंदीकरणाच्या रेषेत येणाऱ्या छोट्या दुकानदाराला हे समजावून सांगण्यासाठी बार्सिलोनाला जाण्याची गरज नाही.

तथापि तेरशी तुलना करायची तर ती बार्सिलोनाची नव्हे, मेरिदाची करावी. स्पेनच्या पश्चिमेला एस्त्रेमादुरा नावाचा कोरडा, जमीनदारांचा, मराठवाड्यासारखाच दुर्लक्षित प्रदेश आहे. तगरचे कापड भडोचला जात होते, त्याच्या थोडे आधी, इ. स. पूर्व २५ मध्ये रोमनांनी तेथे हे नगर वसवले. तेथील भव्य नाट्यगृह मातीखाली गेले होते. फक्त वरच्या पायऱ्यांचे सात अवशेष जमिनीतून डोकावत, आणि लोक त्यांना 'सात खुर्च्या' म्हणत. १९१० साली उत्खनन सुरू झाले. १९३३ साली, प्रजासत्ताकाच्या काळात, त्या नाट्यगृहात पुन्हा नाटक उभे राहिले : स्पेनमध्येच जन्मलेल्या सेनेकाचे 'मेदेआ', उनामुनो यांनी केलेल्या अनुवादात. राष्ट्रीय रोमन कला संग्रहालयाची नवी इमारत १९८६ साली उघडली, तीही उत्खननात सापडलेल्या अवशेषांवरच, विटांच्या प्रचंड कमानींखाली. हे सारे सार्वजनिक पैशातून झाले. पण ज्यांना पर्यटनाने दारिद्र्य हटते असे वाटते त्यांच्यासाठी एक माहिती पुरेशी आहे : जगाचा वारसा म्हणून १९९३ साली गौरवलेले हे नगर ज्या एस्त्रेमादुराची राजधानी आहे, तो प्रदेश आजही स्पेनमधील सर्वांत गरीब प्रदेशांत मोडतो.

एस्त्रेमादुराने गरिबीवरचा उपाय एकदा स्वतः शोधला होता. २५ मार्च १९३६ रोजी मेरिदा ज्या बादाखोस प्रांतात आहे तेथील साठ हजारांहून अधिक भूमिहीनांनी, समाजवादी शेतमजूर संघटनेच्या नेतृत्वाखाली, सुमारे तीन हजार जमीनदारी शेतांवर एकाच पहाटे नांगर धरला. पाच महिन्यांच्या आत फ्रँकोच्या फौजा आल्या. बादाखोस शहरातील बैलझुंजीच्या रिंगणात आणि भोवताली शेकडोंच्या, बहुतेक इतिहासकारांच्या मते हजारांच्या संख्येने माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. ते रिंगण आज नाही. ते पाडून त्या जागी २००६ साली चकचकीत सभागृह उभे राहिले. प्रवासी रोमन कमानी पाहतो आणि पुढे जातो. प्रेक्षणीय काय हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, ते अप्रेक्षणीय काय हेही ठरवतात.

हे दूरदेशीचे उदाहरण नव्हे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरहून निजामी मुलखात शिरल्या त्या नळदुर्गच्याच वाटेने. त्याआधीचे महिने या जिल्ह्याच्या सरहद्दीवरील गावांनी रझाकारांची लूट, जाळपोळ आणि खून सोसले. शेतकऱ्यांनी सोलापूरकडे पळून जीव वाचवला. आणि मुक्तीनंतरच्या दिवसांत या जिल्ह्यातील निरपराध मुसलमान शेतकरी, विणकर, कारागीर यांच्यावर सूडाची जी लाट कोसळली, तिची चौकशी खुद्द भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवून करवली. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव घेतले, आणि तो अहवाल अनेक दशके बंद दप्तरात राहिला. नळदुर्गच्या बुरुजावर उभ्या राहणाऱ्या शाळकरी मुलाला या दोन्ही गोष्टी सांगायला नकोत का? एकच सांगितली तर तो द्वेष शिकेल, एकही सांगितली नाही तर तो होडीत बसून घरी जाईल. ज्या जिल्ह्यात बौद्ध स्तूप, जैन लेणी, शैव देऊळ, वारकरी समाधी आणि ख्वाजा शमसुद्दिनांचा दर्गा पाऊण तासाच्या वाटेत पाहता येतात, तेथे इतिहासाचे एकरंगी फलक लावण्याइतका करंटेपणा दुसरा नाही. पर्यटनाच्या मागोमाग हे फलकही येणार, हे उघड आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांतही एक वर्ग असा आहे की जो म्हणतो, हे सगळे पोटभरल्यांचे चोचले. मजुरीचा दर आणि पीकविमा हे खरे प्रश्न. ही भूमिका कडक वाटते, पण ती आळसातून आलेली आहे. कोष्ट्याच्या श्रेणीचा, कुंभाराच्या भट्टीचा आणि गाडीवानाच्या वाटेचा इतिहास ज्या कष्टकऱ्याला ठाऊक नाही, त्याला 'तुझे पूर्वज कोणाचे तरी सैनिक होते' एवढाच इतिहास शिकवणारे टपलेलेच आहेत. तेव्हा तेर सोडून द्यायचे नाही. फक्त दोन गोष्टींची गल्लत होऊ द्यायची नाही. रोजगारासाठी पाणी, शेतीप्रक्रिया, बंद पडणाऱ्या सहकारी कारखान्यांची सूत्रे सभासदांच्या हाती, हेच मागितले पाहिजे. त्याऐवजी वाहनतळावर पावत्या फाडण्याची नोकरी स्वीकारता येणार नाही. पुण्याहून गाडी करून येणारा प्रवासी मुक्काम सोलापूरला करतो, पाण्याची बाटली कंपनीची घेतो, आणि गावात सोडतो ती रिकामी बाटली. या व्यवहाराला उद्योग म्हणणे हा अर्थशास्त्राचा विनोद आहे. इतिहास मात्र मागायचा तो उद्योग म्हणून नव्हे, शाळेसारखा, ग्रंथालयासारखा, हक्क म्हणून.

मग तेरसाठी मागण्या काय असाव्यात, हे फारसे गूढ नाही. उत्खनन सलग चालले पाहिजे, आणि ज्याच्या शेतात खड्डा पडेल त्याला त्या हंगामाच्या पिकाचा पूर्ण मोबदला आगाऊ मिळाला पाहिजे. उत्खननाचे काम ही हंगामी हमाली न राहता गावच्या तरुण-तरुणींना शिकवून, पगारावर नेमून केले पाहिजे. ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना काढली आणि १९७७ साली तिचा कायदा केला, त्याला खडी फोडण्यापलीकडचे काम सुचू नये याचे नवल वाटते. संग्रहालयाला पुरातत्त्वज्ञ, रसायनतज्ज्ञ आणि मराठी सूची हवी. ते कोणत्याही कंपनीच्या संगोपनात जाता कामा नये. जिल्ह्यातील प्रत्येक जिल्हा परिषद शाळेची सातवीची मुले वर्षातून एकदा सरकारी खर्चाने एस. टी. तून तेरला आली पाहिजेत, आणि ही सहल ऊसतोडीची कुटुंबे गावी परतल्यावर निघाली पाहिजे, नाहीतर ज्यांच्यासाठी हे करायचे तीच मुले तेव्हा कारखान्याच्या तळावर पालात असतील. तुळजापूरच्या आराखड्यातील पाच टक्के रक्कम म्हणजे त्र्याण्णव कोटी होतात. तेवढ्यात हे सर्व बसून उरेल.

तेरसाठी असा कोणताही आराखडा निघाला, तर कळंब, ढोकी, धाराशिव भागातील कार्यकर्त्यांनी तो प्रथम तेरच्या ग्रामसभेपुढे मराठीत छापील स्वरूपात ठेवण्याचा आग्रह धरावा. त्यात चित्रे भरपूर असतील. ती सोडून शेवटच्या पानावरचा खर्चाचा तक्ता आधी मोठ्याने वाचावा, आणि देखभालीच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते ग्रामसभेला विचारू द्यावे.